बेळगावच्या पलटणीत गेलेल्या आमच्या फडातल्या माणसाचा माग कसा काढायचा?

निपाणीची_नात

नमस्कार मंडळी. आमच्या आजोबांच्या थोरल्या भावाबद्दल विचारायचंय, घरात सगळे त्यांना थोरले आबा म्हणतात. आमचं गाव निपाणीजवळ, घराणं तमाशाचं. पणजोबांचा स्वतःचा फड होता, ढोलकी ते स्वतः वाजवायचे, त्यांचे चुलतभाऊ सोंगाड्या, घरातलीच दोन पोरं झीलकरी, म्हणजे मागे उभं राहून सूर धरणारी. थोरले आबा लहानपणी नाच्या होते आणि मिसरूड फुटल्यावर मागे तुणतुणं घेऊन उभे राहायला लागले असं आजी सांगायची. मग दुसऱ्या लढाईच्या दिवसात ते फडाच्या सुपाऱ्या टाकून बेळगावला जाऊन भरती झाले. त्यावरून पणजोबा आणि त्यांच्यात मोठं भांडण झालं म्हणे, कारण ऐन जत्रांच्या तोंडावर माणूस गेला.

त्यानंतरचं सगळं धूसर. आजोबांच्या घरात म्हणतात ते लढाईत गेले, इटलीत. धाकट्या चुलत घरात म्हणतात, छे, ते परत आले, पण गावात न येता मिरजेकडच्या कुठल्या तरी फडात राहिले आणि तिकडेच संसार केला. दोन्ही घरं आपापल्या गोष्टीवर इतकी ठाम आहेत की लग्नकार्यात विषय निघाला की जेवणं गार होतात.

हाताशी काय आहे तर फौजेच्या कपड्यातला एक फोटो, अर्धं फाटलेलं एक पत्र (त्यात थंडीबद्दल लिहिलंय, घागरीतलं पाणी रात्रीत दगड होतं, चहूकडे बोडके डोंगर आहेत असं) आणि फडाची पत्र्याची ट्रंक. नंबर माहीत नाही. बेळगावची पलटण म्हणजे मराठा हे धरून तिथे चौकशी केली, त्यांनी नीट ऐकून घेतलं, शोधलं पण, पण त्या गावचा त्या नावाचा माणूस निघाला नाही. युद्धात मेलेल्यांच्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या यादीतही मराठा लाइट इन्फंट्री टाकून बघितलं, नाही मिळाले. आता पुढे कुठे जायचं? माझे वडील सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांना हे कळायला हवं असं मला फार वाटतं.

सुभेदार_रिटायर्ड

ताई, पहिला प्रश्न. फोटोत टोपीवर किंवा पगडीवर बिल्ला दिसतोय का? दिसत असेल तर मोबाईलने फोटोचा फोटो काढू नका, दुकानात नेऊन चांगल्या रेझोल्यूशनला स्कॅन करा आणि मग झूम करून बघा. मराठ्यांच्या बिल्ल्यात बिगुल असतो, वळलेला, तो लगेच ओळखू येतो. तसं काही नसून मधोमध उभा खांब किंवा मनोऱ्यासारखं काही असेल तर गोष्ट वेगळी आहे.

आणि दुसरी गोष्ट राग येऊ देऊ नका पण स्पष्ट विचारतो कारण त्याशिवाय पुढे जाता येत नाही. इंग्रजांच्या काळात भरती जातीवर व्हायची, कुठल्या समाजाचा माणूस कुठल्या पलटणीत घ्यायचा हे ठरलेलं असायचं. तमाशाचे फड आपल्या भागात महार, मांग समाजाचे पुष्कळ होते. तुमचे आबा महार समाजाचे असतील तर मराठा पलटणीच्या रोलवर सापडणं मुळातच कठीण. आणि "बेळगावची पलटण" हे त्यांनी खोटं सांगितलेलं नाही! महार रेजिमेंटची पहिली बटालियन १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावातच उभी राहिली. आज तिचं सेंटर मध्य प्रदेशात सागरला आहे म्हणून आपल्याकडच्या लोकांच्या डोक्यातून हे निघून गेलंय, पण त्या वर्षी निपाणी, चिकोडीच्या पोरासाठी भरतीचं ठिकाण बेळगावच. दुसरी बटालियन १९४२ ला कामठीला झाली.

त्या रेजिमेंटचा सुरुवातीचा बिल्ला म्हणजे कोरेगावचा स्तंभ. म्हणून खांब बघा म्हणालो.

निपाणीची_नात

राग कसला, आम्ही महारच, त्यात लपवायचं काय. उलट आमच्या पणजोबांनी १९२५ ला निपाणीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली तेव्हा मंडपात काम केलं होतं असं घरात अभिमानाने सांगतात आणि नंतर फडाच्या गणात बाबासाहेबांवरचं कवन घातलं होतं.

स्कॅन करून आणलं. साहेब, बिगुल नाही. उभं, वर निमुळतं, खाली चौथऱ्यासारखं काहीतरी आहे. फोटो पिवळा पडलाय, बिल्ल्याच्या खालची अक्षरं लागत नाहीत, पण उभा आकार अगदी स्पष्ट आहे. माझ्या हाताला घाम सुटला बघताना. एवढी वर्षं तो फोटो आमच्या देव्हाऱ्याशेजारी टांगलेला आहे आणि कुणी टोपीकडे बघितलंच नाही.

सुभेदार_रिटायर्ड

मग झालं की. आता तुमच्या पत्रातले बोडके डोंगर आणि गोठलेलं पाणी पण जुळतंय बघा. महारची पहिली आणि तिसरी बटालियन लढाईच्या काळात वायव्य सरहद्दीवर होत्या, वझिरिस्तान, पेशावर तो सगळा भाग. दुसरी ब्रह्मदेशात होती. इटलीत मराठा पलटणी लढल्या, त्यातल्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आपल्याकडे घराघरात इटलीच्या गोष्टी त्यामुळे आहेत. कुणाचा तरी माणूस इटलीला होता आणि ती गोष्ट तुमच्या आबांना येऊन चिकटली असं होतं, गावाकडे हे फार चालतं.

आता असं करा. पत्र लिहायचं ते "रेकॉर्ड्स, द महार रेजिमेंट, सागर" ला. त्यात पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका चिकोडी (निपाणी तालुका अलीकडचा आहे, तेव्हा निपाणी चिकोडीतच), जिल्हा बेळगाव, मुंबई इलाखा. भरतीचं अंदाजे साल. तुम्ही कोण, नातं काय, त्याचा कागद. साधं इंग्रजीत किंवा हिंदीत, भावनेचं पान जोडू नका, क्लार्कला ओळी मोजक्या हव्यात. आणि मुद्दाम लिहा की लाँग रोलमधली नोंद बघावी. कारण माणसाची सर्व्हिसची सगळी फाईल ठराविक वर्षांनी नष्ट करतात, पेन्शन नसलेल्याची तर लवकरच, पण लाँग रोल ठेवतात. त्यात नंबर, नाव, भरतीची तारीख, डिस्चार्ज की मृत्यू एवढं एका ओळीत असतं. तुम्हाला ती एक ओळच हवी आहे. नंबर मिळाला की बाकी सगळं त्या नंबरावर शोधता येतं, नावावर नाही.

घरात मेडल असेल तर कडेवर बघा, नाव नंबर कोरलेलं असू शकतं. चिंच लावून घासू नका फक्त. तिरका टॉर्च मारला की झिजलेली अक्षरं पण वाचता येतात.

ढोलकीवाला_मिरज

मी स्वतः तमाशाच्या घरातला, आत्ता फड नाही पण आजोबांपर्यंत होता. सुभेदार साहेबांनी फौजेचं सांगितलं ते बरोबर, मी फडाची बाजू सांगतो कारण तिथे घोळ जास्त असतो.

पहिला घोळ गावाचा. फडातल्या पोराचं गाव कुठलं हे फौजेत विचारल्यावर त्याने काय सांगितलं असेल? फड दसऱ्याला बाहेर पडायचा तो पावसाच्या तोंडावर घरी. मध्ये सगळी भटकंती, सौंदत्तीची यल्लमा, चिंचलीची मायाक्का, जोतिबा, आपल्याकडची एकेका गावची म्हाई. पोटुशी बाई फडाबरोबर फिरू शकत नाही, ती माहेरी. म्हणजे थोरल्या पोराचा जन्म बहुतेक आजोळी. आणि कितीतरी पोरांचं बालपण पण आजोळीच, कारण आईबाप जत्रेत. म्हणून तुमच्या आबांच्या आईचं माहेर कुठलं ते आधी काढा आणि सागरच्या पत्रात दोन्ही गावं लिहा. निपाणीच्या पलीकडे लगेच कागल, म्हणजे तेव्हाचं कोल्हापूर संस्थान. आजोळ तिकडे असेल तर जिल्हा बेळगाव नसणारच, कोल्हापूर स्टेट लिहिलेलं असणार.

दुसरा घोळ नावाचा. फडात माणसाला नाव तीन चार असतात. घरचं एक, बोर्डावर एक, आणि फडकरी एकमेकांना हाक मारतात ते तिसरंच. नाच्या पोराला तर बाईचं नाव पण चिकटायचं. आडनावाचं विचारू नका, कुणी गावावरून "कर" लावायचा, कुणी बापाचं नाव लावून मोकळा. फौजेत बहुतेक स्वतःचं नाव आणि बापाचं नाव पक्कं सांगितलेलं असतं, त्यामुळे तुम्ही आडनावावर अडून बसू नका.

तिसरी गोष्ट, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ट्रंकेत बाडं आहेत का? वगाच्या वह्या, लावण्या उतरवलेल्या? त्यांच्या मागच्या पानांवर हिशोब असतात. फडाचा सरदार कलाकारांना हंगामाआधी उचल द्यायचा, पावसाळ्यात घर चालवायला, ती उचल नावानिशी लिहून ठेवायचा आणि हंगामात कापून घ्यायचा. तमाशावाल्याचं सगळं आयुष्य उचलीत असतं. आबा लढाईनंतर कुठल्याही फडात उभे राहिले असतील तर कुणाच्या तरी उचलीच्या यादीत त्यांचं नाव असणारच. सरकारी कागदात तमाशावाला सापडत नाही, उचलीत सापडतो.

चिकोडीरोड

मला इतिहासातलं फार कळत नाही पण कागद काढायची सवय आहे म्हणून सांगतो. काय ओ, तुमच्या घरात महार वतनाची जमीन होती का? असेल तर तहसीलदार ऑफिसला वतनाची फाईल मागा. आपल्याकडे १९६१ चा कर्नाटकाचा ग्रामाधिकार रद्द करायचा कायदा आला (आपण तेव्हा म्हैसूर राज्यात गेलेलो), त्यात वतनाच्या जमिनी सरकारजमा करून वतनदारांना परत ग्रँट केल्या. रीग्रँटसाठी प्रत्येक तक्षिमेच्या (वतनातल्या हिश्श्याच्या) लोकांनी अर्ज दिलेत आणि अर्जाला वंशावळ जोडलेली आहे. आमच्या शेजारच्या गावच्या एका फाईलमध्ये मी पाच पिढ्या बघितल्यात, सावत्र, दत्तक सगळं लिहिलेलं, जबाब सुद्धा. तुमचे आबा हयात असते तर त्यांचा हिस्सा तिथे दाखवायला लागला असता, आणि मेले असतील तर "मयत, बिनवारस" किंवा "परागंदा" असं काहीतरी लिहिलेलंच असणार, कारण भावकीत हिस्सा कुणी असाच सोडत नाही.

फाईल जुनी असली तर मराठीत मिळते, नंतरची कन्नडमध्ये. कन्नड येत नसेल तर मला दाखवा, वाचून सांगतो.

शाळेचं जनरल रजिस्टर पण बघा. मराठी शाळेत नाव घातलं असेल तर जन्मतारीख, आधीचं गाव, शाळा का सोडली हे सगळं असतं. आणि आमच्याकडे सुगी झाली की हेळवी येतात, बैल घेऊन, पहाटे अंगणात घंटा वाजवून आमच्या सगळ्या पिढ्या म्हणून दाखवतात, आता त्यांच्याकडे वह्या पण आहेत. तुमच्या वस्तीत येतात का ते जुन्या बायकांना विचारा.

निपाणीची_नात

सगळ्यांचे मनापासून आभार. हेळवी आमच्या वस्तीत येत नाहीत, पण वतन होतं, गावाबाहेरचा मळा वतनातलाच. फाईलसाठी अर्ज दिलाय.

पणजीचं माहेर कागलजवळचं निघालं, आत्याला माहीत होतं, विचारलंच नव्हतं कुणी.

आणि ट्रंक उघडली. वर घुंगरांची एक चाळ, एक मोडका मोरपिसांचा तुरा, खाली बाडं. बऱ्याच पानांना कसर लागलीय. ढोलकीवाले दादा, तुम्ही म्हणालात तसंच, वगाच्या वहीच्या शेवटून उलट्या बाजूने हिशोब चालू होतात. एका पानावर वर शके १८६८ लिहिलंय, म्हणजे १९४६-४७ झालं ना? खाली नावं आणि पुढे रुपये. सगळी नावं घरची किंवा वस्तीतली, आजोबांचं पण आहे. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत नावच नाही, नुसतं "फौजी" आणि पुढे रक्कम, ती इतरांपेक्षा जास्त. त्याच्यापुढे मोडीत दोन शब्द आहेत जे मला लागत नाहीत.

घरात दुसरं कुणीच फौजेत गेलेलं नाही. वस्तीतून गेलेल्यांची नावं वडिलांना माहीत आहेत, त्यातलं कुणी तमाशात नव्हतं. वडिलांनी ते पान हातात घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही.

मोडीवाली_बेळगाव

पानाचा फोटो सावलीत काढून टाका, फ्लॅश नको, शाई चमकते. मी मोडी शिकवते, बहुतेक लागेल.

(नंतर) फोटो बघितला. पहिला शब्द "मिरज" नक्की. दुसरा "पावती" किंवा "पावली", पान तिथे फाटलंय म्हणून खात्रीने सांगत नाही. हिशोबात "पावती" म्हणजे रक्कम पोहोचली. म्हणजे मिरजेला त्या माणसाला रक्कम पोचती झाली असा सरळ अर्थ लागतो. अक्षर एकाच हाताचं आहे, बाकीची यादी ज्याने लिहिली त्यानेच हे लिहिलंय, मागाहून घुसडलेलं नाही.

शके १८६८ म्हणजे १९४६ च्या पाडव्यापासून १९४७ च्या पाडव्यापर्यंत, बरोबर काढलंत.

सुभेदार_रिटायर्ड

१९४६ ला लढाई संपल्यावर भरमसाट लोकांना घरी पाठवलं. वेळ अगदी जुळते. एकदा ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत महार रेजिमेंट टाकून बघा म्हणजे मनाला शंका राहायला नको. भारतात किंवा सरहद्दीवर वारलेल्यांची नावं दिल्ली-कराची १९३९-१९४५ वॉर मेमोरियलवर आहेत, ब्रह्मदेशातली रंगून मेमोरियलवर. नावाचं इंग्रजी स्पेलिंग काय केलं असेल त्याचा भरवसा नाही म्हणून जादा माहितीच्या रकान्यात गाव किंवा बेळगाव टाकून शोधा, त्यात "अमक्याचा मुलगा, अमुक गावचा" असं असतं. आजोळचं गाव टाकून पण बघा.

आणि ते परत येऊन मिरजेकडे संसार केला असेल तर बायको असणार. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांच्या विधवांना सरकारकडून मानधन मिळतं, त्याचे अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जातात. मिरज म्हणजे सांगली जिल्हा, तुम्ही बेळगावच्या ऑफिसात कितीही शोधलंत तरी तिथे नसणार. सांगलीला विचारा.

ढोलकीवाला_मिरज

ताई ही रक्कम जास्त का असेल सांगू? तुमचे पणजोबा त्याला परत बोलवत असणार. उचल जास्त देऊन माणूस आपल्या फडात बांधायचा ही पद्धतच आहे. भांडून गेलेल्या पोराचं नाव लिहायचं नाही पण पैसे मात्र मिरजेला पोचवायचे, आमच्या म्हाताऱ्यांनी पण असंच केलं असतं.

मिरजेकडे त्या काळात दोन चार तरी फड होते, जत, अथणी, कवठेमहांकाळ तिकडच्या जत्रा करायचे. आमच्या घरची बाडं माझ्या चुलत्याकडे आहेत, मी रविवारी जाऊन उचलीची पानं बघतो. "फौजी" नावानेच बघायचं आता.

निपाणीची_नात

महार रेजिमेंट टाकून बघितलं, आमचं गाव, कागलकडचं गाव, दोन्ही टाकून. नाहीत. सागरला पत्र रजिस्टरने गेलं, दोन्ही गावं आणि लाँग रोलचं लिहून. सांगलीच्या सैनिक कल्याण ऑफिसला वडील स्वतः जाणार म्हणतायत, मी बरोबर जाते.

धाकट्या चुलत घरी फोन करून सांगितलं की तुमचं म्हणणं खरं दिसतंय. काका फोनवर एवढंच म्हणाले की, मग मिरजेत आपली भावंडं असतील, शोध.

म्हणून इथल्या सगळ्यांना विनंती. मिरज, अथणी, जत, रायबाग या पट्ट्यातल्या कुणाच्या घरी तमाशाची जुनी बाडं असतील, १९४६ ते पन्नास पंचावन्नपर्यंतची, तर उचलीच्या पानांवर "फौजी" किंवा "निपाणीचा" अशी नोंद आहे का बघाल का? तुणतुणं वाजवायचे, झील धरायचे, उजव्या भुवईवर खूण होती असं आजी सांगायची. कुणाच्या आजोबांच्या फोटोत अशी खूण दिसली तर इथेच लिहा, मोडीतली पानं असतील तर मोडीवाली ताई वाचून देतील.